पहारेकऱ्याचं तिसरं उत्तर

१९८३च्या डिसेंबरमधली गोष्ट. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, अबर्डीनच्या लष्करी तळावर असलेल्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत नेटवर्क विचित्र वागत होतं. माइक म्यूस हा तिथला प्रोग्रामर त्याचा छडा लावायला बसला. त्याला हवी होती ती गोष्ट अगदी साधी होती. समोरच्या मशीनला हाक मारायची, तिने ओ दिली तर किती वेळात दिली ते मोजायचं. पाणबुड्या आवाजाचा ठोका सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, तसंच. म्हणून प्रोग्रामचं नावही त्या ठोक्यावरूनच ठेवलं: पिंग.

प्रोग्राम लिहून झाला, पण चालेना. पिंग ज्या पद्धतीने हाक मारणार होता, ती पद्धत ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, उपलब्धच नव्हती. म्यूसने रात्रीच बसून तो भागही लिहिला आणि उजाडायच्या आत सगळं चालू केलं. तोवर त्याच्या सहकाऱ्याने बिघडलेलं हार्डवेअर शोधून दुरुस्त करून टाकलं होतं. पहिला पिंग धावला तो धडधाकट नेटवर्कवर.

ही गोष्ट एरवी गंमत म्हणून सांगतात. मला तिचा मधला भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. नेटवर्कवर नजर ठेवणारं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध हत्यार पहिल्याच रात्री अडलं, कारण त्याला लागणारा एक तुकडा मशीनवर नव्हता. आज आपण त्याला 'मॉड्यूल इन्स्टॉल केलेलं नाही' म्हणतो. सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, नवीन मशीनवर जुनी स्क्रिप्ट टाकली की पहिला अर्धा दिवस याच वाक्याशी झटापट करण्यात जातो.

या झटापटीकडे आपण कटकट म्हणून बघतो. पण तिच्या मुळाशी एक खरा प्रश्न आहे. पहारेकऱ्याने आवाज दिला नाही, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? वाड्यात सगळं ठीक आहे? दरोडा पडलाय? की पहारेकरीच झोपलाय? पहिली दोन उत्तरं द्यायला यंत्रांना लवकर शिकवलं गेलं. 'मला माहीत नाही' हे तिसरं उत्तर शिकवायला मात्र बराच काळ गेला.

मौनाचे चार अर्थ

पिंगमुळे मशीन जिवंत आहे की नाही एवढं कळतं. तिच्यातून किती डेटा वाहतोय, कुठलं पोर्ट बंद पडलंय, हे कळत नाही. त्यासाठी १९८८ साली एसएनएमपी हा प्रोटोकॉल आला. कल्पना सोपी होती. प्रत्येक राउटर स्वतःबद्दलची माहिती क्रमांक दिलेल्या खणांमध्ये ठेवतो. कुठल्या खणात आत आलेले बाइट, कुठल्यात बाहेर गेलेले, हे ठरलेलं असतं. आपल्या स्क्रिप्टने खणाचा क्रमांक सांगायचा, राउटरने आकडा द्यायचा.

विचारायच्या आधी एक परवलीचा शब्द लागतो, त्याला कम्युनिटी स्ट्रिंग म्हणतात. गोम अशी, की हा शब्द चुकला तर सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये राउटर 'शब्द चुकला' असं सांगत नाही. तो गप्प बसतो. राउटर बंद असला तरी गप्प, मधल्या फायरवॉलने प्रश्न अडवला तरी गप्प, आणि प्रश्न वाटेत हरवला तरी गप्पच. चार वेगळी कारणं आणि स्क्रिप्टच्या पदरात एकच गोष्ट: 'वेळ संपली, उत्तर नाही.'

आकडा मिळाला, तरी तो खरा असेलच असं नाही. मूळचे मोजणीचे खण ३२ बिटांचे होते. म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की मोजणी पुन्हा शून्यावर, जुन्या रिक्षाच्या मीटरसारखी. १०० मेगाबिटची लाइन पूर्ण भरून वाहत असेल, तर हा फेरा साधारण पावणेसहा मिनिटांत पुरा होतो. दर पाच मिनिटांनी विचारणाऱ्या स्क्रिप्टला तो सांभाळता येतो. एक गिगाबिटच्या लाइनवर तोच फेरा सुमारे ३४ सेकंदांत संपतो. पाच मिनिटांत मीटर आठ वेळा फिरून आलेलं असतं, आणि स्क्रिप्टला त्याचा पत्ताही नसतो. ती आत्मविश्वासाने चुकीचा आकडा दाखवत राहते. पुढे ६४ बिटांचे खण आले आणि हा प्रश्न मिटला. पण जुना खण विचारणाऱ्या जुन्या स्क्रिप्टा आपोआप बदलत नाहीत. कुणीतरी उघडून क्रमांक बदलावा लागतो.

लेस्टरची एकुलती एक लाइन

१९९४मध्ये टोबियास ऊटिकर हा स्विस तरुण इंग्लंडमध्ये लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात काम करत होता. तिथून बाहेरच्या जगात जायला ६४ किलोबिटची एकच लाइन होती. आज व्हॉट्सॲपवरचा एक फोटो पाठवायला ती धापा टाकेल. लाइन किती भरली आहे हे सगळ्यांनाच जाणून घ्यायचं होतं. ऊटिकरने एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती राउटरला आकडा विचारायची आणि वेबपानावर आलेख काढायची. १९९५च्या वसंतात त्याने ती सगळ्यांसाठी खुली केली. नाव एमआरटीजी.

स्क्रिप्ट पर्ल या भाषेत होती, पण एकटीने फार काही करू शकत नव्हती. राउटरशी बोलायला एक बाहेरचा प्रोग्राम लागायचा आणि चित्र काढायला दुसरा. ते प्रोग्राम प्रत्येक मशीनवर वेगळे वागत. लेस्टरला चालणारी गोष्ट दुसऱ्या गावी चालेलच याचा भरवसा नव्हता. शिवाय ती मंद होती.

ऊटिकर लेस्टर सोडून झुरिकच्या तंत्रविद्यापीठात गेला आणि एमआरटीजी बाजूला पडलं. १९९६च्या जानेवारीत त्याला डेव्ह रँड नावाच्या माणसाची ईमेल आली: हे इतकं सावकाश का चालतं? ऊटिकरने काही उपाय सुचवले. आठवड्याभराने रँडचं उत्तर आलं, की उपायांनी फारसा फरक पडला नाही, म्हणून वेळखाऊ भाग सी भाषेत नव्याने लिहिला आहे, सोबत जोडलाय. वेग चाळीसपट वाढला होता. सायमन लायनन याने एसएनएमपीचं संभाषण पूर्णपणे पर्लमध्ये लिहून ठेवलं होतं. ते आत घेतल्यावर राउटरशी बोलणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रामची गरज संपली.

एक अवलंबित्व गेलं, दुसरी आली. सीमध्ये लिहिलेला भाग म्हणजे आता मशीनवर कंपायलर हवा. चित्रांसाठी जीडी नावाची लायब्ररी हवी, तिच्यासाठी पीएनजीची लायब्ररी, आणि त्या पीएनजीसाठी झेडलिब. हे सगळं योग्य क्रमाने बांधायचं. मुळात आलेख जीआयएफ प्रकारात निघत, पण त्या प्रकारातल्या दाबण्याच्या युक्तीवर युनिसिस कंपनीचं पेटंट होतं. त्यापायी १९९९मध्ये जीडीने जीआयएफ काढून टाकलं आणि एमआरटीजीला पीएनजीवर जावं लागलं. लाइनचा आलेख बघायचाय, आणि अडसर कसला, तर पेटंटचा.

पण मला एमआरटीजीत सगळ्यात विचार करायला लावते ती एक बारीक सोय. स्क्रिप्टने विचारलं आणि राउटरने उत्तर दिलं नाही, तर आलेखात काय काढायचं? एमआरटीजी मुळात अशा वेळी मागचाच आकडा पुन्हा लिहितं. आलेखात सरळ आडवी रेघ येते. हवं असेल तर एक पर्याय चालू करून त्याजागी शून्य लिहिता येतं. पण माहितीपत्रकात तिथेच सावधानतेचा सल्ला आहे: शून्यावरच्या रेघेपेक्षा सपाट रेघ बहुतेकदा जास्त चटकन डोळ्यात भरते.

सल्ला शहाणपणाचा आहे. तरी दोन्ही पर्याय नीट बघा. एकात 'मघाशी होतं तेवढंच आहे' असं खोटं, दुसऱ्यात 'काहीच नाही' असं खोटं. 'कळलं नाही' म्हणायला त्या फायलीत जागाच नव्हती. सवय असलेला माणूस सपाट रेघ बघून ओळखायचा, बाकीच्यांना सगळं सुरळीत दिसायचं.

१९९९च्या जुलैमध्ये ऊटिकरने आरआरडीटूल आणलं, आणि त्यात ही जागा तयार केली. प्रत्येक आकड्याला एक 'हार्टबीट' ठरवून द्यायचा, समजा ६०० सेकंद. तेवढ्या वेळात नवा आकडा आला नाही, तर त्या काळाची नोंद 'अज्ञात' म्हणून होते. शून्य नाही, मागचाही नाही. आलेखात तिथे रिकामी फट दिसते. एखाद्या तासातली निम्म्याहून जास्त माहिती अज्ञात असेल तर अख्खा तासच अज्ञात धरायचा, असंही ठरवता येतं. माहिती नसणं हीही नोंदवून ठेवण्यासारखी माहिती आहे, हे एका फाइलच्या रचनेत पक्कं झालं.

'सापडलं नाही'

या काळात नेटवर्कवाल्यांची भाषा होती पर्ल. लॅरी वॉलने ती १९८७मध्ये प्रसिद्ध केली. १९९४ला तिची पाचवी आवृत्ती आली आणि मॉड्यूलची सोय झाली: दुसऱ्याने लिहिलेला कोड एका ओळीत आपल्या स्क्रिप्टमध्ये बोलावता येऊ लागला. मग हे मॉड्यूल ठेवायला कोठार हवं. १९९५च्या ऑक्टोबरमध्ये सीपॅन जाहीर झालं. फिनलंडच्या विद्यापीठांच्या नेटवर्कवर यार्को हिएतानिएमी याने ते मांडलं, आणि जगभरच्या सर्व्हरांनी त्याच्या प्रती ठेवल्या. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने मुंबईसह आपल्या महानगरांमध्ये सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं होतं. १९९७पासून पर्लसोबतच सीपॅनचं हत्यार येऊ लागलं. मॉड्यूलचं नाव सांगायचं, ते स्वतः आणतं, त्याला लागणारी बाकीची मॉड्यूलंही आणतं. पुढे पायथनच्या पिपपासून जावास्क्रिप्टच्या एनपीएमपर्यंत आपण जे वापरतो, त्या वाटेवर सीपॅन फार आधी चालून गेलं आहे.

मॉड्यूल नसेल तर पर्ल काय म्हणते? तिचा संदेश मला नेहमीच प्रामाणिक वाटत आलाय. 'अमुक फाइल सापडली नाही,' एवढ्यावर ती थांबत नाही. कुठकुठल्या फोल्डरांत शोधलं, त्यांची अख्खी यादी देते. म्हणजे निम्मं निदान तिथेच झालं. यादी वाचा. मॉड्यूल मशीनवर आहे, पण यादीत नसलेल्या फोल्डरात आहे का? दुसऱ्याच आवृत्तीच्या पर्लसाठी बसवलंय का? बरेच जण ही यादी न वाचताच पुन्हा इन्स्टॉल करायला धावतात.

काही गोंधळ नावांचे असतात. पर्लमधून एसएनएमपी बोलायला एक मॉड्यूल आहे, 'नेट' आणि 'एसएनएमपी' यांच्या मध्ये दोन विसर्गचिन्हांसारखे जोड-टिंब असलेलं. ते निखळ पर्लमध्ये आहे. दुसरा आहे मध्ये आडवी रेघ असलेला नेट-एसएनएमपी हा सी भाषेतला मोठा संच. त्याच्याबरोबरही एक पर्ल मॉड्यूल येतं, त्याचं नाव नुसतं एसएनएमपी. डेबियनवर पहिल्याचं पॅकेज 'लिब-नेट-एसएनएमपी-पर्ल', दुसऱ्याचं 'लिब-एसएनएमपी-पर्ल'. रेड हॅटवर पहिलं 'पर्ल-नेट-एसएनएमपी', तर दुसरं 'नेट-एसएनएमपी-पर्ल'. नुसती शब्दांची अदलाबदल. चुकीचं पॅकेज अगदी यशस्वीपणे इन्स्टॉल होतं, आणि स्क्रिप्ट मघाचंच वाक्य पुन्हा म्हणते.

दुसरा नेहमीचा घोळ क्रॉनचा. ठरावीक वेळी काम चालवणारा क्रॉन आपल्या टर्मिनलमधले वाटांचे फलक सोबत नेत नाही. म्हणून स्क्रिप्ट हाताने चालवली तर चालते आणि रात्री आपोआप चालायची वेळ आली की मॉड्यूल सापडत नाही. क्रॉन तक्रार करतो, नाही असं नाही. तो त्या मशीनवरच्या खात्याला मेल टाकतो. ती मेल वर्षानुवर्षं कुणी उघडलेली नसते.

आणि कधीकधी काहीच न बदलता बदल होतो. २०१७मध्ये पर्लच्या ५.२६ आवृत्तीने शोधयादीतून 'चालू फोल्डर' काढून टाकलं. कारण सुरक्षेचं होतं: कुणी भलत्या फोल्डरात त्याच नावाची फाइल पेरून ठेवली, तर ती चालून जायची. निर्णय बरोबर होता. पण ज्या स्क्रिप्टा शेजारी ठेवलेली मॉड्यूलं वापरत होत्या, त्या अपडेटनंतर एकाएकी शेजाऱ्याला ओळखेनाशा झाल्या.

दोन या आकड्याचे दोन अर्थ

१९९९मध्येच ईथन गाल्स्टाडने नेटसेंट नावाची पहारा-व्यवस्था आणली. नावाच्या वादामुळे २००२ला ती नागिओस झाली. तिची ताकद तिच्या साधेपणात होती. तपासणी करणारी स्क्रिप्ट कुठल्याही भाषेत लिहा, शेवटी फक्त एक आकडा परत द्या. शून्य म्हणजे ठीक. एक म्हणजे इशारा. दोन म्हणजे गंभीर. आणि तीन म्हणजे अज्ञात. पहारेकऱ्याचं तिसरं उत्तर आता नियमात लिहिलं गेलं. पुढच्या वर्षांत जगभरातल्या नियंत्रण-कक्षांतल्या भिंतींवर हे हिरवे-पिवळे-लाल रंग लागले, आणि परदेशी कंपन्यांची नेटवर्कं सांभाळायला पुण्या-मुंबईत रात्रपाळीला बसलेल्या मुलामुलींच्या झोपा या रंगांवर ठरू लागल्या.

पण नियमात असलेलं उत्तर स्क्रिप्टच्या तोंडी येतंच असं नाही. स्क्रिप्टला लागणारं मॉड्यूल सापडलं नाही, तर ती आपल्या पहिल्या ओळींवरच कोसळते. तीन परत द्यायची ओळ तिच्या पोटात असते, पण तिथवर ती पोचतच नाही. मग आकडा कोण ठरवतं? भाषा ठरवते. पर्लची स्क्रिप्ट अशी कोसळली तर बहुतेकदा २ परत देते, कारण युनिक्सच्या जुन्या यादीत 'फाइल सापडली नाही' या चुकीचा क्रमांक २ आहे. पायथनची स्क्रिप्ट कोसळली तर १ परत देते, कारण न पकडलेल्या कुठल्याही चुकीला पायथन १च देतं. आणि स्क्रिप्टची फाइलच जागेवर नसेल तर शेल देतो १२७. नागिओस तो आकडा बघून म्हणतं, हा मर्यादेबाहेरचा आहे, बहुधा प्लगिनच गायब आहे.

आता हे नागिओसच्या नजरेतून बघा. मॉड्यूल तेच, उणीव तीच. पर्लमध्ये असेल तर राउटर 'गंभीर', मध्यरात्री फोन खणखणणार. पायथनमध्ये असेल तर नुसता 'इशारा', आणि बऱ्याच ठिकाणी पिवळ्या रंगाला फोन वाजत नाही. राउटर बिचारा दोन्ही वेळा मजेत चालू आहे. किंवा बंदही असेल. त्याच्याकडे कुणी बघितलेलंच नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, आणि दळणाऱ्याचा हिशेब मात्र चोख.

लाल रंग दिसला म्हणून रात्री दोनला राउटरशी झुंजणाऱ्याने आधी बाजूचा मजकूर वाचायला हवा, तो याचसाठी. तिथे 'सापडलं नाही' असेल तर दुखणं पहारेकऱ्याचं आहे.

एका माणसाने सांभाळलेलं

मग पायथनचे दिवस आले. तिथे एसएनएमपी बोलायचं प्रमुख मॉड्यूल होतं पाय-एसएनएमपी. इल्या एटिंगॉफ या प्रोग्रामरने ते लिहिलं आणि सुमारे दोन दशकं सांभाळलं. असंख्य कंपन्यांच्या स्क्रिप्टा, मोठमोठी स्वयंचलन-साधनं, सगळी त्याच्यावर उभी. २०२२च्या ऑगस्टमध्ये एटिंगॉफचं निधन झालं.

मॉड्यूल जागेवरच होतं, डाउनलोडही होत होतं. पण सॉफ्टवेअर कपाटात ठेवलेल्या भांड्यासारखं नसतं. ते ज्या जमिनीवर उभं असतं ती हलत असते. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये पायथनची ३.१२ आवृत्ती आली, आणि तिच्यातून 'एसिंककोर' हा जुना भाग काढलेला होता. काढणार असल्याचं आधीपासून सांगितलेलं होतं. पण ते ऐकून पाय-एसएनएमपी दुरुस्त करायचं कुणी? ते करणारा माणूस नव्हता. नव्या पायथनवर जुनी स्क्रिप्ट टाकली की उत्तर यायचं: एसिंककोर नावाचं मॉड्यूल नाही. आपण कधी नावही न ऐकलेलं मॉड्यूल, आपण मागितलेल्या मॉड्यूलला हवं असलेलं. लेक्स्टुडिओ या चमूने प्रकल्प हाती घेतला. आधी मूळ नावाला आपलं नाव जोडून त्यांनी दुरुस्त आवृत्ती दिली, पुढे मूळ नावानेच नव्या आवृत्त्या येऊ लागल्या. तोवर ज्यांना जमलं त्यांनी पायथनची जुनी आवृत्ती धरून ठेवली.

त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या डेबियन १२ने पिपला थेट सिस्टिमच्या पायथनमध्ये मॉड्यूल बसवायला मज्जाव केला. 'हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं' असा संदेश बघून अनेकांनी कपाळाला हात लावला असेल. पण त्यामागे अनुभव आहे. सिस्टिमची स्वतःची कामं त्याच पायथनवर चालतात. आपल्या स्क्रिप्टसाठी एक मॉड्यूल बदललं आणि दुसरीकडे काहीतरी बंद पडलं, असं पुष्कळदा घडलेलं आहे. प्रत्येक स्क्रिप्टला तिचं वेगळं व्हर्च्युअल वातावरण द्या, असा त्याचा अर्थ. मग क्रॉनलाही त्या वातावरणातल्या पायथनचा पूर्ण पत्ता द्यायला हवा. नाहीतर फिरून तेच वाक्य.

मुद्दाम मोडून बघा

तिसरं उत्तर एकदा शिकलं की कायमचं शिकलं, असंही झालेलं नाही. प्रोमिथियस ही आजची लोकप्रिय व्यवस्था २०१२मध्ये साउंडक्लाउड कंपनीत सुरू झाली. ती दर वेळी स्वतःहून 'अप' नावाची नोंद करते: मला समोरच्याकडून आकडे घेता आले की नाही, एक किंवा शून्य. म्हणजे पहारेकरी आधी स्वतःची हजेरी लावतो. तरीही तिच्या पहिल्या आवृत्त्यांमध्ये एखादा आकडा यायचा बंद झाला, तर मागचा आकडा पाच मिनिटांपर्यंत तसाच दाखवला जायचा. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने शिळा आकडा शिळा म्हणून ओळखायची सोय केली. लेस्टरच्या त्या सपाट रेघेनंतर बावीस वर्षांनी.

म्हणून नव्या मशीनवर पहाऱ्याची स्क्रिप्ट लावून झाली, सगळं हिरवं दिसलं, की अजून दहा मिनिटं द्या. आधी राउटरचा परवलीचा शब्द मुद्दाम चुकवा. मग स्क्रिप्टला लागणारं एखादं मॉड्यूल तात्पुरतं बाजूला सारा. शेवटी क्रॉनमधली ती ओळच बंद करा. दर वेळी पडद्याकडे बघा. पिवळं झालं, लाल झालं, राखाडी झालं, तर चाललं, रंगाचा अर्थ नंतर नीट करता येईल. या तिन्हींपैकी एकदा जरी पडदा हिरवाच राहिला, तर दुरुस्ती तिथून सुरू करा.